तलंगीला ढेप

डोमाजींनी साठ वर्षांत कोंबडीकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. कोंबड्या बायकोच्या, म्हशी आपल्या, अशी त्या घरात वाटणी होती. ती कुणी केली नव्हती. पडली होती.

म्हशी मात्र त्यांना कळत. लांबून नुसती चाल पाहून ते सांगत, ही आज पाणी प्यायली नाही. पस्तीस वर्षं त्यांनी गावातून आदिलाबादजवळच्या मावल्याला सायकलवर दूध नेलं. मावल्यातल्या बायका त्यांच्या घंटीवर चहाचं आधण ठेवत. दुधात पाणी घातल्याचा वहीम त्यांच्यावर कुणी घेतला नाही. कुणी चेष्टेनं विचारलंच तर ते म्हणत, "पानीच विकाचं असतं तं म्हशी कायले पाळल्या असत्या?" एवढं वाक्य बोलले की त्यांचा दिवसभराचा कोटा संपे.

गावात कुणाच्या म्हशीचं वगार मेलं आणि म्हैस दूध चोरू लागली, की डोमाजींना बोलावणं यायचं. ते जात. म्हशीच्या पाठीवर हात ठेवून बसत. घशातल्या घशात काहीतरी गुणगुणत. मग कोमट पाण्यात भिजवलेली सरकीची ढेप तिच्यापुढे ठेवत. हा सगळा कपाशीचा मुलूख. सरकीतून तेल काढलं की मागे उरते ती ढेप, आणि ती खाल्ली की म्हैस दुधाला चढते, हे इथं लहान पोरालाही ठाऊक. डोमाजींच्या औषधाच्या पेटीत दोनच वस्तू होत्या. ढेप आणि धीर.

शेजारचे चंपतराव म्हणत, "आमचा डोमाजीभाऊ म्हशीसंगं बोलते, मानसासंगं खाकरते."

ते खोटं नव्हतं. घरात आले की डोमाजींचे शब्द संपलेले असत. जयवंताबाई चार वाक्यं बोलत, ते एकदा हुंकार देत. अशी पस्तीस वर्षं गेली. एक मुलगी झाली, सुनयना. ती मंचेरियलला दिली. जावई गोपाल कोळशाच्या खाणीत कामाला. यंदाच्या उन्हाळ्यात डोमाजींचा उजवा गुडघा गेला. बसलं की उठवेना, उठलं की बसवेना. म्हशी विकाव्या लागल्या. गोठा रिकामा झाला. म्हशी गेल्या, पण ढेपेचं एक पोतं कोपऱ्यात राहिलं. ते काही त्यांनी विकलं नाही. रोज सकाळी ते गोठ्यात जाऊन उभे राहत, पोत्याची गाठ तपासत, आणि परत येत.

जयवंताबाईंच्या कोंबड्यांची गोष्ट वेगळी होती. लग्नानंतर पहिल्यांदा माहेराहून निघताना त्यांच्या आईने टोपलीत घालून एक कबरी कोंबडी दिली होती. पैनगंगेपलीकडून ती एसटीत मांडीवर बसून आली. त्या एका कोंबडीची पोरं, नातवंडं, पतवंडं या अंगणात झाली. दर पिढीत एक तरी कबरी निघायची, मानेवर राखाडी, पंखांवर पांढरे ठिपके. आई जाऊन वीस वर्षं झाली. वाण राहिलं.

यंदा पावसाळ्यात मर आली. चार दिवसांत अकरा कोंबड्या गेल्या. वाचली ती एक. पाय मुरगळला म्हणून तिला गोठ्यात डालग्याखाली एकटीला झाकून ठेवलं होतं. होळीच्या सुमारास फुटलेलं पिल्लू. आता अंगानं भरलेली, पण अजून अंड्यावर न आलेली. अशा कोंबडीला तलंग म्हणतात. कबरी होती.

पोळ्याच्या तिसऱ्या दिवशी जयवंताबाई मंचेरियलला निघाल्या. सुनयनाचे दिवस भरत आले होते. दवाखाना तिच्या घराजवळ, म्हणून पोरगी माहेरी न येता आईच तिकडे चालली होती. सव्वा महिना तरी मोडणार होता. पिशवी खांद्याला लावून त्या गोठ्याच्या दारात थांबल्या.

"अवो, आयका. हे तलंग पंधरा दिवसांत अंड्यावर येईन. पयले पयले अंडे तुमी खा. मंगचे बारा ज्वारीच्या टोपलीत ठेवा. मी आल्यावर चंपतभाऊच्या घरच्या खुडूक कोंबडीखाली बसवीन."

"हूं."

"हूं नोको. माह्या मायचं एवढंच वाण राह्यलं. तुमच्या भरोशावर ठेवून जाऊन राह्यली मी."

डोमाजींनी तलंगीकडे पाहिलं. तलंगीने एक डोळा त्यांच्याकडे केला.

"देईन ते अंडे," ते म्हणाले. "त्यात काय मोठं?"

रोज सकाळी नऊच्या सुमारास फोन येऊ लागला. डोमाजींकडे दुधाच्या गिऱ्हाइकांसाठी घेतलेला बटणांचा फोन होता. जयवंताबाई सुनयनाच्या फोनवरून बोलत.

"जेवले का?"

"हो."

"गुडघा?"

"हाय."

"तलंग?"

"नाही."

संपला फोन. आठव्या दिवशी सुनयनाला मुलगा झाल्याची बातमी आली. तीही एवढ्याच लांबीची होती. फक्त शेवटी डोमाजींनी विचारलं, "दूध पुरते का त्याले?" त्यांना आणखी काही सुचलं नाही.

पंधरा दिवस झाले. तलंगीनं अंडं दिलं नाही. डोमाजी विचारात पडले. जनावर खातंपितं, अंगानं धडधाकट, मग देत का नाही? हा प्रश्न त्यांना नवा नव्हता. आयुष्यभर लोक त्यांना हेच विचारायला आले होते. आणि त्याचं उत्तर कोपऱ्यात, पोत्यात बांधून ठेवलेलं होतं.

त्यांनी गाठ सोडली.

पहिल्या दिवशी मूठभर ढेप. कोमट पाण्यात भिजवली, वरून चिमूटभर मीठ. तलंगीनं टोचून पाहिलं. त्यांनी त्यात ज्वारीचं पीठ कालवलं. मग ती खाऊ लागली. डोमाजींना कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. ते रोज पहाटे उठून ढेप भिजवू लागले. तलंगीशेजारी पाट टाकून, दुखरा पाय लांब करून बसत. एक हात तिच्या पाठीवर ठेवत. घशातल्या घशात गुणगुणत. कोंबडी डोळे मिटून घेई. त्यांना वाटे, लागू पडतंय.

चंपतरावांनी कुंपणावरून पाहिलं.

"डोमाजीभाऊ, काय करून राह्यले?"

"काई नाही."

"धार काढून राह्यले का कोंबडीची?"

डोमाजींनी खाकरलं. दुसऱ्या दिवशी ढेप दोन मुठी केली.

तलंग आणखी गप्प झाली. तुरा वाढायचा तो वाढला नाही. फिक्कट गुलाबी, सुकल्या पाकळीसारखा राहिला. पण तुऱ्याचा आणि अंड्याचा काही संबंध असतो, हे डोमाजींना कुठून माहीत असणार? म्हशीला तुरा नसतो.

एकविसाव्या दिवशी फोन आला.

"तलंग?"

"नाही."

 मागे नातू रडत होता.

"मंग वांझच निंगली," जयवंताबाई म्हणाल्या. "जाऊ द्या. माह्या मायचं वाण बुडलं म्हनाचं."

आवाज रडका नव्हता. साधा होता. भाजी संपली असं सांगावं तसा. तो आवाज डोमाजी दिवसभर घेऊन फिरले. जेवताना तो ताटात होता. झोपताना उशाशी. या बाईनं आजवर आपल्याला एकच जनावर सांभाळायला दिलं, आणि आपण पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या म्हशी दुधावर आणत फिरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला.

"देल्लं," डोमाजी म्हणाले. जयवंताबाईंनी विचारायच्या आतच.

"काय देल्लं?"

"अंडं. आत्ताच. गरम हाय."

 मग जयवंताबाई म्हणाल्या, "तुमी कुठी हा?"

"गोठ्यात."

"तिच्याजवळच?"

"हो. समोर बसली हाय."

"फोन जरा तिच्याजवळ न्या बरं."

डोमाजींनी फोन तलंगीच्या चोचीजवळ नेला. तिनं मान वळवली. बायकांची माया अशीच असते, असं मनाशी म्हणत त्यांनी फोन परत कानाला लावला.

"बरं झालं," जयवंताबाई म्हणाल्या. "केवढं हाय?"

केवढं? पहिलं अंडं केवढं असतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण आता मागे फिरायला वाट नव्हती. ते लिंबाएवढं म्हणाले, मग जरा मोठं म्हणाले, रंग सांगितला, कुठे घातलं ते सांगितलं. गव्हाणीत, उजव्या कोपऱ्यात, कडब्याच्या चुऱ्यावर. फोन ठेवला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपला घसा कोरडा पडलाय. एवढं ते सलग कधी बोलले नव्हते.

खोट्याला पोट असतं. ते रोज खायला मागतं. जयवंताबाई रोज विचारत.

"आज देल्लं?"

"देल्लं."

"कालचं खाल्लं का?"

"खाल्लं."

"कसं? उकडून का भाजून?"

डोमाजींना चहाखेरीज काही करता येत नव्हतं. त्यांनी तव्यावर कांदा परतला, मिरची टाकली, अंडं फोडलं, मीठ जास्त झालं. सगळं फोनवर. जयवंताबाई म्हणाल्या, मीठ मागून टाकत जा. दुसऱ्या दिवशी त्यांनी मीठ मागून टाकलं. एक दिवस त्यांनी तलंगीला सुट्टी दिली, कारण म्हैससुद्धा एखाद्या दिवशी कमी देते. मग ती का कमी देते, हे सांगताना त्यांना चंद्री म्हैस आठवली. चंद्रीचं सांगता सांगता मावल्यातल्या एका मास्तरीण बाईंचं आठवलं, ज्या दुधाचे पैसे देताना रोज पाऊस येईल का ते विचारत. जयवंताबाई हसल्या. ही गोष्ट पंधरा वर्षांपूर्वीची होती. त्यांनी ती आज पहिल्यांदा ऐकली.

सुनयनानं एकदा मध्येच फोन घेतला. "बाबा, माय अर्धा अर्धा तास काय आयकते तुमचं? पोट्टं रडून राह्यलं इकडं."

"अंड्याचं," डोमाजी म्हणाले.

इकडे तलंग ढेप खात होती. तीन मुठी. अंडं नव्हतं.

दसरा जवळ आला. जयवंताबाईंच्या येण्याचा दिवस ठरला. डोमाजींच्या हिशोबानं टोपलीत आतापर्यंत बारा अंडी राखलेली होती. टोपलीत ज्वारी होती. ते गुडघ्याला फडकं बांधून आदिलाबादच्या बाजाराला गेले. गावठी अंडी विकणारी एक म्हातारी तेलुगूत काहीबाही सांगत होती. डोमाजींनी हातानेच खूण केली, बारा. मग स्वतः निवडू लागले. म्हैस घेताना ते नेहमी सगळ्यांत मोठी घेत. अंड्यांतही त्यांनी मोठी मोठी वेचली. एक तर असं देखणं होतं, निळसर पांढरं, तळहातभर, की म्हातारी काहीतरी सांगू लागली तरी त्यांनी ते सोडलं नाही. घरी येऊन ज्वारीवर अंडी मांडली. ते निळसर मधोमध ठेवलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी जयवंताबाई आल्या. बसमध्ये बतुकम्मा या तेलुगू सणाची फुलं घेतलेल्या बायका होत्या, त्यांतलं एक पिवळं फूल त्यांच्या पदराला चिकटून आलं होतं. पाणी पिऊन त्या सरळ टोपलीपाशी गेल्या. खाली बसल्या. एकेक अंडं उचलून उन्हाकडे धरलं. डोमाजी दाराला टेकून उभे होते.

"हे तांबूस," जयवंताबाई म्हणाल्या. "हे पांढरं. हे बारकं. हे लांबोडकं. एकाच कोंबडीचे?"

"हूं."

मग त्यांनी ते निळसर अंडं उचललं. बराच वेळ पाहिलं.

"अन् हे?"

"ते सगळ्यात चांगलं हाय," डोमाजी म्हणाले.

"चांगलंच हाय. बदकाचं हाय."

डोमाजींनी खाकरलं. जयवंताबाईंनी अंडं टोपलीत ठेवलं. उठून गोठ्यात गेल्या. तलंगीला काखेत घेतलं, शेपटीखालच्या दोन हाडांमध्ये बोटं टेकवली. अंड्यावर आलेल्या कोंबडीच्या त्या हाडांत दोन बोटं बसतात, तिसरंही बसू पाहतं. इथं एकसुद्धा धड बसेना. त्यांनी फिक्कट तुरा पाहिला. मग तिच्या खाण्याचं मातीचं परळ उचलून नाकाशी नेलं.

"हे काय चारलं तुमी इले?"

"ढेप."

"ढेप?"

"रोज. ताजी भिजवून. मीठ घालून." त्यांच्या आवाजात अजूनही थोडा अभिमान होता.

जयवंताबाई तिथेच गव्हाणीच्या कडेवर बसल्या. कोंबडी मांडीवर. "अवो, म्हशीले ढेपीनं पान्हा फुटते. हिले काय पान्हा फोडाचा व्हता? सरकी खाल्ली का कोंबडी आटते. माह्या मायच्या घरी सरकीच्या ढिगाजवळ कोंबडी फिरकू देत नव्हते."

डोमाजी पाटावर बसले. गुडघा दुखला, पण बसले. आपल्या हातानं एक जनावर आटलं. हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा झालं होतं.

"बजारातून आनले मी ते अंडे," ते म्हणाले.

"मालूम हाय."

"आत्ता पाह्यलं म्हनून."

"नाही. पयल्या दिवसापासून मालूम हाय."

त्यांनी वर पाहिलं.

"अंडं देल्लं का कोंबडी चूप बसते का?" जयवंताबाई म्हणाल्या. "अर्ध्या गावाले सांगते. तुमी म्हनलं, आत्ताच देल्लं, गरम हाय, समोर बसली हाय. मी फोन तिच्याजवळ नेवाले सांगतलं. आवाज नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही."

"मंग रोज काऊन इचारत व्हती?"

जयवंताबाई तलंगीचे पंख नीट करत राहिल्या.

"तुमी बोलून राह्यले व्हते ना," त्या म्हणाल्या.

 मग जयवंताबाईंनी पोत्याकडे हात केला. "हे आजच चंपतभाऊच्या म्हशीले द्या. हे तलंग अजून वांझ नाही. दबून गेली हाय तुमच्या ढेपीखाली."

अकरा अंड्यांची भाजी झाली. चंपतरावांच्या घरी वाटी गेली. टरफलं वाळवून, कुटून तलंगीच्या ज्वारीत मिसळली. तिला टोचायला बांधावरून उधईचं, म्हणजे वाळवीचं, वारूळ फोडून आणायचं काम डोमाजींकडे आलं. बारावं अंडं मात्र जयवंताबाईंनी शिजवलं नाही. कापसावर ठेवून कोनाड्यात मांडलं. दसऱ्याला सोनं द्यायला जो येईल त्याला त्या ते दाखवत.

"आमच्या तलंगीनं देल्लं."

"बाप्पा, एवढं?"

"सुनयनाच्या बाबाच्या हाताखाली व्हती ना. त्यांच्या हाताले गुन हाय."

डोमाजी पान घ्यायचे, पान द्यायचे, आणि खाकरायचे. चंपतरावांनी तर अंड्यालाही सोनं वाहिलं. चौथ्या दिवशी ते अंडं उकिरड्यात गेलं, पण गोष्ट गावात राहिली.

तलंगीची वाट आता दोघंही पाहत होती, तरी कुणी तसं म्हणत नव्हतं. संध्याकाळी जयवंताबाई तिची हाडं चाचपत. एक बोट. आठवड्यानं, एक बोट आणि थोडं. दिवाळी आली. तुरा जरा लालसर वाटला, की पणतीच्या उजेडात तसा दिसला, कळेना. सकाळी फोन यायचं कारण उरलं नव्हतं. डोमाजी हळूहळू पुन्हा हुंकारावर आले. एकदोनदा जयवंताबाईंनी ताट वाढताना विचारलं, "आज काय केलं दिवसभर?" ते म्हणाले, "काई नाही." समोर माणूस बसलं की शब्द कुठे पळून जातात, हे त्यांनाही उमगत नव्हतं.

भाऊबिजेला जयवंताबाई पैनगंगेपलीकडे भावाकडे गेल्या. उत्तमराव त्यांचा धाकटा भाऊ. दोन दिवसांसाठी. निघताना गोठ्याच्या दारात थांबल्या, पण तलंगीबद्दल काही बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोमाजी अंगणात चहा घेत होते. गोठ्यात एकदम कल्लोळ उठला. मांजर आलं असावं. ते कप टाकून उठले, गुडघ्यानं कळ मारली, तरी काठी घेऊन धावले. दारात पोचले आणि थांबले.

मांजर नव्हतं. कोपऱ्यात ढेपेचं रिकामं पोतं घडी घालून ठेवलं होतं. त्याच्यावर एक अंडं होतं. लहानसं, खरोखरच लिंबाएवढं, वर रक्ताची एक बारीक रेघ. आणि तलंग गव्हाणीवर चढून, मान ताठ करून, सगळ्या गावाला सांगत होती.

डोमाजींनी अंडं उचललं नाही. खिशातून फोन काढला. बटणं दाबताना बोट दोनदा चुकलं. उत्तमरावांनी फोन घेतला.

"बोला भाटवे. तब्येत?"

"तिले दे."

"काय झालं?"

"तिले दे लवकर. चूप बसन ते."

पलीकडे हाका झाल्या. पावलं वाजली. "अवो, काय झालं?" जयवंताबाईंचा आवाज आला.

 डोमाजींनी हात लांब करून फोन तलंगीपुढे धरला. ती ओरडत होती. थांबली, दम घेतला, पुन्हा ओरडली. डोमाजींचा हात अवघडला तरी त्यांनी तो खाली घेतला नाही. ती गव्हाणीवरून उतरून दाराबाहेर गेली, तेव्हाच त्यांनी फोन कानाला लावला.

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"गरम हाय?" जयवंताबाईंनी विचारलं.

त्यांनी अंडं तळहातावर घेतलं. "हाय."

"कुठी घातलं?"

डोमाजी पोत्याशेजारी खाली बसले. दुखरा पाय लांब केला. आणि चहाच्या कपापासून सांगायला सुरुवात केली.